डबीवरची चिठ्ठी

मध्यमवर्गीय घराच्या स्वयंपाकघरांत फळीवर एकाच घाटाचे आणि एकाच उंचीचे डबे रांगेनें उभे असतात, आणि त्यांवर बहुधा कसलीहि चिठ्ठी नसते. असें असूनहि गृहिणी दिवे गेले असतांना नेमका तुरीच्या डाळीचाच डबा खालीं काढते. कोणत्या डब्यांत काय आहे हें तिच्या हातांना ठाऊक असतें. तिला चिठ्ठीची गरज भासत नाहीं. गरज भासते ती पाहुण्याला, नव्या सुनेला, आणि ती गृहिणी नसतांना त्या घरांत वावरणाऱ्या माणसांना. ज्याला वस्तु माहीत आहे त्याच्यासाठीं चिठ्ठी नसतेच. ज्याला ती माहीत नाहीं आणि ज्याच्याजवळ विचारावयास कोणी उरलेलें नाहीं, अशासाठीं ती असते.

माझी आई वारली तेव्हां हें मला प्रथम उमगलें. तिच्या फडताळांत औषधी चूर्णांच्या पंधरा-वीस बाटल्या निघाल्या. मुलांचा खोकला, पोटदुखी, सुजलेला घसा यांवर कोणती पूड चालावयाची हें तिला नुसत्या वासावर कळे. बाटल्यांवर मात्र एक अक्षरहि नव्हतें. करडी पूड पिंपळीची कीं वावडिंगाची, पिवळट पूड ज्येष्ठमधाची कीं आणखी कशाची, हें सांगणारें आतां कोणी नव्हतें. शेवटीं त्या सर्व बाटल्या रिकाम्या झाल्या. पुडींचें मोल फारसें नव्हतें. परंतु पन्नास वर्षांचें ज्ञान त्या दुपारीं मोरीच्या पाण्याबरोबर वाहून गेलें, ही टोंचणी आम्हां भावंडांच्या मनांतून अद्याप गेलेली नाहीं. तेव्हांपासून मी चिठ्ठीकडे जरा आदरानें पाहूं लागलों. चिठ्ठी म्हणजे मागाहून येणाऱ्या, आपणांस कधींहि न भेटणाऱ्या माणसाला लिहिलेलें पत्र, असें माझें मत बनलें. हें मत पारखून घेण्याचा प्रसंग मात्र पुढें एका कोळ्यानें माझ्यावर आणला.

आमचें बिऱ्हाड गारखेड्यांत आहे. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा शिक्षणासाठीं आमच्याकडे राहतो. ऑगस्ट २०२३ मध्यें त्यानें एक पारदर्शक डबी घरीं आणली. आंत नारळाच्या काथ्याचा भुसा, झाडाची एक वांकडी साल, आणि सालीच्या आड विणलेलें दाट पांढरें जाळें. जाळ्याच्या तोंडाशीं बोटभर लांबीचा एक केंसाळ कोळी पाय आंखडून बसला होता. ज्या घरांत दर दसऱ्याला केरसुणीला काठी बांधून कोळिष्टकें काढलीं जातात, त्याच घरांत पैसे मोजून कोळी आणावा, हें आमच्या मंडळींना कसें रुचावें?

“मामी, हा घरांतला कोळी नव्हे. हा टॅरंटुला आहे,” भाचा समजावणीच्या स्वरांत म्हणाला.

“नांव मोठें ठेवलें म्हणून पाय कांहीं कमी झाले नाहींत त्याचे,” असें म्हणून मामी आंत निघून गेल्या.

डबीच्या झांकणावर विक्रेत्यानें चिकटविलेला एक कागदाचा कपटा होता. त्यावरील शाई ओलाव्यानें पसरली होती. भाच्यानें माझ्यासमोर कोरा कागद ठेवला आणि म्हणाला, “मामा, तुमचें अक्षर चांगलें आहे. एवढी चिठ्ठी नव्यानें लिहून द्या. ‘इंडियन व्हायोलेट. चिलोब्राकिस फिम्ब्रिएटस. मादी.’”

शाळेच्या फळ्यावर तीस वर्षें मीं रोज सकाळीं सुविचार लिहिले. त्यांतला कोणता खरा आणि कोणता खोटा, हें तपासण्याचें काम माझ्याकडे नव्हतें. पण येथें लेखणी हातांत धरल्यावर मनांत एक शंका आली. मीं विचारलें, “हें कोणीं सांगितलें?”

“विक्रेत्यानें.”

“त्याला कोणीं सांगितलें?”

“त्यानें ज्याच्याकडून घेतला त्यानें.”

“आणि त्याला?”

भाचा हंसला. मीं लेखणीला टोपण घातलें, आणि आम्हां दोघांचा एक नवा अभ्यास सुरू झाला.

अभ्यासाच्या पहिल्याच दिवशीं कळलें कीं, चुकीच्या चिठ्ठीचा आरंभ ‘टॅरंटुला’ या शब्दापासूनच झालेला आहे. इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावर तारांतो नांवाचें शहर आहे. त्या भागांत एक कोळी सांपडे. तो चावला असतां माणसाला उन्माद होतो आणि बेभान होऊन नाचल्यावांचून तो उतरत नाहीं, अशी तेथील लोकांची समजूत होती. ‘तारांतेला’ नांवाच्या नाचाशीं या समजुतीचा संबंध जोडला जातो. शहरावरून कोळ्याला टॅरंटुला हें नांव पडलें. पण तो कोळी आजच्या अर्थानें टॅरंटुला नव्हेच. भक्ष्यामागें धांवून शिकार करणाऱ्या लांडगा-कोळ्यांच्या कुळांतला तो. पुढें युरोपियन लोक अमेरिकेंत गेले, तेथें त्यांना हाताच्या पंजाएवढे केंसाळ कोळी दिसले, आणि मायदेशींचें भीतिदायक नांव त्यांनीं या नव्या प्राण्यांना देऊन टाकलें. आज त्या केंसाळ कोळ्यांच्या कुळांत एक हजाराहून अधिक जाति नोंदलेल्या आहेत, आणि सगळ्यांच्या कपाळीं हें परक्याचें नांव आहे. आपल्या भाषेंत तर कोळी म्हणजे मासे धरणाराहि आणि जाळें विणणाराहि. तेव्हां नांवांच्या बाबतींत दुसऱ्यांना हंसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाहीं.

पण एका प्राण्याला दोन नांवें असणें निराळें, आणि दोन प्राण्यांना एकच नांव असणें निराळें. पहिल्यानें घोटाळा होतो, दुसऱ्यानें नुकसान होतें. याचें मोठें उदाहरण मेक्सिकोंतील ‘लाल गुडघ्या’च्या कोळ्याचें आहे. काळ्या पायांवर शेंदरी पट्टे असलेला हा कोळी पाळणाऱ्यांत फार लोकप्रिय. १८९७ सालीं पिकार्ड-केंब्रिज या इंग्रज शास्त्रज्ञानें त्याचें वर्णन केलें. आज तो ब्राकिपेल्मा स्मिथी या नांवानें ओळखला जातो. दशकानुदशकें जगभरच्या डब्यांवर हेंच नांव लिहिलें जात होतें. १९९७ सालीं त्याच्याशीं अगदीं मिळत्याजुळत्या अशा दुसऱ्या एका जातीला हामोरी हें नांव मिळालें. आणि २०१७ सालीं मेक्सिकोंतील अभ्यासकांनीं या गटाची बारकाईनें फेरतपासणी केली. तेव्हां स्पष्ट झालें कीं, खरा स्मिथी गेरेरो प्रांताचा रहिवासी, हामोरी त्याच्या वायव्येकडील प्रांतांचा. आणि घरोघर ‘स्मिथी’ म्हणून पाळले गेलेले बहुतेक कोळी वस्तुतः हामोरीच होते. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार.

कोणी म्हणेल, यांत बिघडलें काय? कोळ्याला आपलें नांव वाचतां येत नाहीं. खरें आहे, पण नांव वाचून माणूस त्याची जोडी जमवितो. चिठ्ठीवर विसंबून एका जातीचा नर दुसऱ्या जातीच्या मादीजवळ सोडला, आणि दुर्दैवानें प्रजा झाली, तर ती धड इकडची नाहीं, धड तिकडची नाहीं. त्या शेंकडों पिलांच्या डब्यांवर मात्र आईच्या डबीवरचेंच नांव उतरतें. उद्यां रानांतली मूळ जाति नाहींशी होत आली, आणि पाळलेल्यांतून ती पुन्हां उभी करावी असें कोणाच्या मनांत आलें, तर हाताशीं काय लागणार? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

भाच्याला ओळखीच्या खुणांची हौस होती. तो रोज विजेरीच्या प्रकाशांत कोळ्याच्या पाठीवरची जांभळी झांक आणि पोटावरचे वाघासारखे पट्टे न्याहाळी. पण वाचतां वाचतां त्याच्याहि लक्षांत आलें कीं, रंग हा या प्राण्यांच्या बाबतींत मोठा फसवा साक्षीदार आहे. पिलाचा रंग वेगळा, वयांत आल्यावरचा वेगळा, कात टाकण्यापूर्वींचा मळकट, टाकल्यानंतरचा झगझगीत. नराचा पुष्कळदां मादीहून निराळा. शास्त्रज्ञ रंगापेक्षां कितीतरी बारीक गोष्टींना अधिक मान देतात : नराच्या तोंडाजवळील आंखूड पायांच्या टोंकाशीं असलेल्या प्रजनन-अवयवाचा घाट, मादीच्या पोटांतील वीर्यकोशांचा आकार, आणि आवाज काढणाऱ्या विशिष्ट केंसांची ठेवण. चिलोब्राकिस प्रजातींत हे केंस जबड्याच्या बाजूला रांगेनें असतात; चिडलेला कोळी ते एकमेकांवर घांसून फुसफुसल्यासारखा आवाज काढतो. डबीबाहेरून यांतलें कांहींच दिसत नाहीं.

आणि या सर्वांहून महत्त्वाची एक गोष्ट त्या कपट्यावर नव्हती, ती म्हणजे स्थळ. कोळी आला कोठून? भाच्यानें विक्रेत्याला विचारलें, उत्तर आलें, “सह्याद्रि.” आतां सह्याद्रि म्हणजे कांहीं आमच्या वाड्यामागचें परसूं नव्हे. या उत्तरानें मला आमच्याच पत्त्याची आठवण झाली. गारखेडा हें एके काळीं शहराबाहेरचें खेडें. शहर वाढत वाढत त्याच्या अंगावर आलें आणि त्याला पोटांत घेऊन पुढें निघून गेलें. आतां उल्कानगरींतला माणूस पत्ता लिहितांना ‘गारखेडा परिसर’ लिहितो, पुंडलिकनगरांतलाहि तेंच लिहितो, शिवाजीनगरांतलाहि तेंच. नवीन टपालवाल्याला ‘परिसर’ या एका शब्दांत किती पायपीट भरलेली आहे, हें त्याचें त्यालाच ठाऊक. कोळ्याच्या चिठ्ठीवर ‘सह्याद्रि’ लिहिणें म्हणजे तसाच ‘परिसर’ लिहिणें होय.

स्थळाच्या एका शब्दावर केवढें अवलंबून असतें, हें गुत्तीच्या कोळ्याच्या हकीकतीवरून समजतें. मराठ्यांच्या इतिहासांत मुरारराव घोरपड्यांमुळें आपल्याला परिचित असलेलें हें आंध्रांतील गुत्ती. तेथील रेल्वेच्या लांकडाच्या वखारींत सांपडलेल्या एका कोळ्याचें वर्णन ब्रिटिश म्यूझियममधील रेजिनाल्ड इन्स पोकॉक यानें १८९९ सालीं प्रसिद्ध केलें, आणि त्याला पिसिलोथेरिया मेटॅलिका असें नांव दिलें. आमच्या डबीवरचें ‘फिम्ब्रिएटस’ हें नांवहि याच गृहस्थानें याच वर्षीं ठेविलेलें. पुढील वर्षीं त्यानें भारतांतील कोळी-विंचवांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अभ्यासकांना आजहि चाळावा लागतो. मेटॅलिकाचा रंग मोरपंखी निळा, इतका कीं पाहणाऱ्याला तो खोटा वाटावा. पण त्या एका नमुन्यानंतर शंभर वर्षें तो कोळी कोणाच्याहि दृष्टीस पडला नाहीं. २००१ सालीं तो पुन्हां सांपडला, आणि तोहि गुत्तीस नव्हे, तर तेथून बरेंच दूर, नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या पूर्व घाटांतील राखीव जंगलांत. पूर्वींचा तो कोळी लांकडांतून आगगाडीनें गुत्तीस आला असावा, असा तर्क आहे. त्याचें ज्ञात निवासस्थान शंभर चौरस किलोमीटरांहून लहान आहे, तेथील झाडें लांकूडफांट्यासाठीं तुटत आहेत, आणि २००८ सालीं तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादींत नोंदला गेला.

गुत्तीची चिठ्ठी खोटी नव्हती, अपुरी होती. तिनें जेवढें पाहिलें तेवढेंच सांगितलें : हा प्राणी अमक्या ठिकाणीं, वखारींत सांपडला. म्हणूनच शंभर वर्षांनीं शोधणाऱ्याला विचार करतां आला कीं, वखारींतलें लांकूड कोठून येतें? त्याच जागीं कोणी हौशीनें ‘गुत्तीच्या रानांत विपुल’ असें लिहून ठेवलें असतें, तर पुढच्यांनीं त्या उजाड डोंगरांत जन्म घालविला असता. अपुऱ्या चिठ्ठीची भर पुढें कोणीहि घालूं शकतो. खोट्या चिठ्ठीनें मात्र शोधणाऱ्याची वाटच बंद होते.

स्थळाविषयीं आणखी एक शिस्त संग्रहालयांत पाळतात, आणि ती मला फार आवडली. जुन्या चिठ्ठीवरील गांवाचें नांव बदललें असलें तरी ती चिठ्ठी फाडून टाकीत नाहींत; तिच्याशेजारीं नवी चिठ्ठी जोडतात. आमच्या शहराला या शिस्तीचें महत्त्व विशेष पटावें. मलिक अंबरानें १६१० सालीं वसविलेली खडकी ती पुढें फत्तेनगर झाली, मग औरंगाबाद झाली, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. यांपैकीं कोणत्याहि काळांत कोणीं येथला एकादा किडा टिपून ठेवला असेल, तर त्याच्या चिठ्ठीवरचें नांव हीच त्या काळाची साक्ष. एकावर एक चढविलेल्या चिठ्ठ्या पाहून वस्तूचा सगळा प्रवास वाचतां येतो.

जून २०२४ मध्यें, पावसाची पहिली सर येऊन गेल्यावर, एका सकाळीं मामींनीं हांक मारली, “अरे, तुझा कोळी गेला वाटतें!” पाहतों तों कोळी जाळ्याच्या गादीवर उताणा पडलेला, पाय वर केलेले. भाच्याचा चेहरा क्षणभर उतरला. पण लगेच त्यानें सगळ्यांना मागें सारलें आणि डबीवर फडकें टाकलें. केंसाळ कोळी कात टाकतांना असेच उताणे होतात, आणि त्या वेळीं त्यांना धक्का लागला तर ते मरूं शकतात. दुपारपर्यंत जुन्या अंगरख्यासारखी एक पोकळ काया बाजूला पडली होती, आणि शेजारीं तोच प्राणी, ओल्या मखमलीसारखा, दमून बसला होता.

ती कात आम्हीं जपून ठेविली आणि प्राणिशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्यांकडे नेली. त्यांनीं ती साबणाच्या पाण्यांत भिजवून मऊ केली, सुईनें उलगडली आणि पोटाकडील भाग कांचेवर पसरला. या कोळ्यांना पोथीच्या पानांसारखी घडण असलेल्या फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात. पुढल्या जोडीच्या मधोमध, सूक्ष्मदर्शकाखालीं, दोन लहानशा पिशव्या दिसल्या. मादीच होती. मग त्यांनीं जबड्याजवळचे केंस पाहिले, पोकॉकच्या ग्रंथांतील कोष्टकाशीं ताडले, आणि म्हणाले, “प्रजाति चिलोब्राकिस, हें मी सहीनिशीं सांगतों. मादी, हेंहि सांगतों. जाति मात्र सांगत नाहीं.”

“पण सर, रंग तर फिम्ब्रिएटसचाच आहे,” भाचा म्हणाला.

“असेल. बहुधा असेलहि. पण ‘बहुधा’ हा शब्द तुम्ही चिठ्ठीवर लिहिणार आहांत का? खात्रीनें सांगावयाचें तर हा कोणत्या रानांतला तें मला कळलें पाहिजे, तिथला वयांत आलेला नर पाहिला पाहिजे, आणि ही मादी मद्यार्काच्या बाटलींत घालून सावकाश मोजूं दिली पाहिजे. एवढें करून पुन्हां पोकॉकनें पाहिलेल्या नमुन्यांशीं ताडणें उरतेंच.”

मद्यार्काच्या बाटलीचा उल्लेख होतांच भाच्यानें डबी आपल्याकडे ओढून घेतली. घरीं येईपर्यंत तो फारसें बोलला नाहीं. पूर्ण नांव हवें तर प्राणी द्यावा लागतो. प्राणी जिवंत हवा तर अपुऱ्या नांवावर समाधान मानावें लागतें. शास्त्राला दोन्हींची गरज आहे, आणि संग्रहालयांतील बाटल्यांतून मेलेल्या नमुन्यांनींच जिवंतांच्या रक्षणाचा पाया घातला आहे, हें मी जाणतों. तथापि त्या दिवशीं त्याच्या जागीं मी असतों तर मींहि डबी ओढूनच घेतली असती. एक फरक मात्र त्या दिवसापासून घरांत पडला. आजवर ‘तो कोळी’ असलेला प्राणी एकदम ‘ती’ झाला. दुसऱ्याच दिवशीं मामी विचारीत होत्या, “तिला पाणी घातलेंस का रे?”

यानंतर थोड्याच दिवसांत खरी कसोटी आली. परगांवच्या एका गृहस्थानें ही मादी विकत मागितली. त्याच्याजवळ त्याच नांवाचा नर होता. पैदास करून पिलें विकण्याचा त्याचा बेत होता. जी रक्कम तो देऊं करीत होता तींत भाच्याचा दोन महिन्यांचा किरकोळ खर्च सहज निघाला असता, आणि घरच्या परिस्थितीमुळें ती रक्कम त्याला क्षुल्लक नव्हती. अट एकच : डबीवर ‘फिम्ब्रिएटस, सह्याद्रि’ असें स्वच्छ अक्षरांत लिहिलेलें छायाचित्र पाठवावें. म्हणजे प्रश्न पुन्हां माझ्या अक्षरापाशीं येऊन थांबला.

भाच्यानें त्याला सगळें खरें सांगितलें. पलीकडून उत्तर आलें, “त्यांत काय एवढें? सगळे तेंच लिहितात.” या वाक्याचा प्रतिवाद करणें कठीण, कारण तें खरें आहे. आणि तेंच खरें दुखणें आहे. एका अंड्यांच्या पिशवींतून शंभरावर पिलें निघूं शकतात. म्हणजे एका न तपासलेल्या चिठ्ठीच्या शंभर नकला, शंभर घरांत.

मला त्या वेळीं थायलंडांतील एक अलीकडची गोष्ट आठवली, आणि ती मीं त्याला सांगितली. याच चिलोब्राकिस प्रजातींतला एक विजेसारखा निळा कोळी बरींच वर्षें बाजारांत विकला जात होता. त्याची जाति कोणती, रान कोणतें, कोणीहि लिहून ठेविलें नव्हतें. विकणाऱ्यांनीं मात्र एक गोष्ट चांगली केली : उगाच एकादें जवळचें नांव न चिकटवितां ‘चिलोब्राकिस, जाति अनिश्चित, विद्युत्-निळा’ अशीच चिठ्ठी ठेविली. २०२३ सालीं थाई संशोधकांना तो खारफुटीच्या जंगलांत सांपडला, आणि त्याला नाटानिचारम हें शास्त्रीय नांव मिळालें. तें नांव ठेवण्याचा मानहि लिलांवांत दिला गेला आणि ते पैसे गरीब मुलांच्या शिक्षणाकडे आणि कर्करोग्यांच्या मदतीकडे वळविण्यांत आले, ही गोष्ट वेगळी. माझ्या दृष्टीनें महत्त्व आहे तें त्या चिठ्ठींतील रिकाम्या जागेला. जागा रिकामी होती, म्हणून खरें नांव आल्यावर त्याला बसावयास ठिकाण होतें. ‘अनिश्चित’ हा शब्द लाजेचा नव्हे. आमच्या न्यायालयांत साक्षीदारानें ‘मीं पाहिलें नाहीं’ म्हणावें, तितक्याच प्रतिष्ठेचा तो आहे.

पुन्हां, आतां चिठ्ठीचा संबंध कायद्याशींहि आला आहे. पिसिलोथेरिया प्रजातीचा व्यापार २०१९ पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखालीं आहे, आणि २०२२ सालच्या दुरुस्तीनें अशा जातींसाठीं आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत स्वतंत्र अनुसूची जोडली गेली. डबींत काय आहे यावर तिचा मालक छांदिष्ट ठरतो कीं गुन्हेगार, हें अवलंबून असतें. जुलै २०२१ मध्यें चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनीं पोलंडहून आलेल्या एका टपालाच्या पुडक्यांतून १०७ जिवंत कोळी पकडले; प्रत्येक कोळी कापूस आणि चंदेरी वर्ख लावलेल्या इवल्याशा कुपींत. ते ओळखण्यासाठीं तज्ज्ञांना बोलवावें लागलें. त्या वेळच्या बातम्यांत त्यांतील एका प्रजातीचें नांव ‘फोनोपेल्मा’ असें छापलें गेलें. मूळ नांव आहे ‘ॲफोनोपेल्मा’. आणि ग्रीकांतील तो आरंभींचा अ आपल्या संस्कृतांतील अ-काराप्रमाणेंच नकार दाखवितो. तो गळाला आणि निःशब्द कोळी सशब्द झाला. नारायणराव पेशव्यांच्या वधाच्या आख्यायिकेंतील ‘ध चा मा’ ऐकत वाढलेल्या माणसाला एका अक्षराचें भय निराळें शिकवावें लागत नाहीं.

भाच्यानें त्या गृहस्थाला नकार कळविला. मीं त्याला ना उपदेश केला होता, ना मना केलें होतें. मीं फक्त एवढेंच म्हटलें होतें कीं, तूं जें सांगशील तें मी लिहीन, पण खालीं ‘असें अमक्यानें सांगितलें’ म्हणून तुझें नांवहि लिहीन. रात्रभर विचार करून सकाळीं त्यानें आपण होऊन कोरा कागद माझ्यापुढें ठेवला. तेव्हां आम्हीं दोघांनीं मिळून जी चिठ्ठी तयार केली ती अशी :

‘चिलोब्राकिस, जाति अनिश्चित. मादी, कातेवरून निश्चित, जून २०२४. मूळ स्थळ अज्ञात. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणें सह्याद्रि. विक्रेत्यानें दिलेलें नांव फिम्ब्रिएटस. खरेदी ऑगस्ट २०२३. कात सोबतच्या पाकिटांत.’

विकाऊ मालाच्या दृष्टीनें याहून वाईट चिठ्ठी सांपडणें कठीण. अर्धी वाक्यें ‘माहीत नाहीं’ म्हणतात, आणि उरलेल्यांत एकादें दुसऱ्याच्या तोंडचें आहे. पण तींतला प्रत्येक शब्द कोणाचा आणि कशावरून, हें तिच्यांतच सांगितलेलें आहे. भाच्याचें शिक्षण उद्यां संपेल, तो नोकरीसाठीं दुसऱ्या गांवीं जाईल, डबी आणखी कोणाच्या हातीं पडेल. त्या वेळीं त्या माणसाला आम्हां दोघांना शोधीत येण्याची गरज पडणार नाहीं.

संग्रहालयांत मद्यार्काच्या बाटलींतील चिठ्ठ्या शिसपेन्सिलीनें किंवा चिनी शाईनें लिहितात, कारण साधी शाई मद्यार्कांत विरघळून जाते. मींहि ही चिठ्ठी शिसपेन्सिलीनेंच लिहिली. शिवाय ‘जाति’ या शब्दापुढें दोन बोटें जागा सोडली. या प्रकारच्या माद्या नीट सांभाळल्या तर दहा-पंधरा वर्षें जगूं शकतात. माझें वय सत्तरीच्या पुढें गेलेलें. तेव्हां त्या जागेंत पुढें जें नांव येईल, तें बहुधा माझ्या अक्षरांत असणार नाहीं. तें खरें असावें, एवढीच अपेक्षा.